एका मदरबोर्डवर दोन बायॉस चिपा: स्विचने अदलाबदल करणारा साधा अ‍ॅडाप्टर

सर्किटवेडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गिरगावातल्या आमच्या वाचनालयात मुलांना वापरायला काही जुने डेस्कटॉप ठेवले आहेत. सगळे एच६१ चिपसेटचे, एलजीए ११५५ सॉकेटचे. यंत्रं ठणठणीत आहेत, लिनक्सवर झकास चालतात. त्यातल्या एका असुस बोर्डाला कोरबूटचा आधार आहे असं कळलं आणि तेव्हापासून ते टाकून बघायचं डोक्यात घोळत होतं. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बायॉस म्हणजे यंत्र चालू होताच सगळ्यात आधी धावणारा, मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्रॅम, म्हणजेच फर्मवेअर. कोरबूट म्हणजे त्याच्या जागी बसणारं मुक्तस्रोत फर्मवेअर. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अ‍ॅलॅमॉस प्रयोगशाळेत 'लिनक्सबायॉस' नावाने सुरू झालं, २००८ पासून कोरबूट.)

अडचण एकच. यंत्र वाचनालयाचं आहे. संध्याकाळी मुलं आली आणि पडदा काळा, असं चालणार नाही. म्हणून मूळ चिपला हात न लावता दुसरी चिप शेजारी बसवायची आणि हवी ती स्विचने निवडायची, असा अ‍ॅडाप्टर बनवला. तो कसा बनतो ते सविस्तर लिहितो, कारण मराठीत यावर मला काहीच सापडलं नाही.

या बोर्डांवर बायॉसची चिप आठ पायांची असते आणि नशिबाने बेसमध्ये बसवलेली असते, डाग दिलेली नसते. पाय असे: १ चिप सिलेक्ट, २ डेटा बाहेर, ३ राइट प्रोटेक्ट, ४ ग्राउंड, ५ डेटा आत, ६ क्लॉक, ७ होल्ड, ८ वीज (३.३ व्होल्ट). ही एसपीआय पद्धत, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारी. पाय २ ते ८ दोन्ही चिपांचे सरळ एकमेकांना जोडायचे, १ ला १ मात्र जोडायचा नाही. चाळीत एकच फोन असायचा, ज्याच्या नावाने हाक येई त्यानेच जाऊन घ्यायचा, तसं हे. तारा सगळ्यांच्या, हाक एकाला. ही हाक म्हणजे चिप सिलेक्ट. तो पाय शून्यावर आला की चिप ऐकते, ३.३ वर असला की गप्प बसते.

तर बोर्डाकडून येणारा पाय १ स्विचच्या मधल्या टोकाला, आणि स्विचची दोन बाहेरची टोकं दोन चिपांच्या पाय १ ला. साधा तीन टोकांचा स्लाइड स्विच पुरतो.

आता यातलं सगळ्यात महत्त्वाचं. ज्या चिपकडे स्विच नाही, तिचा पाय १ हवेत लोंबकळत राहतो. शेजारच्या तारेतून क्लॉक धावत असतो, त्याचे धक्के हा मोकळा पाय उचलतो आणि चिप मध्येच जागी होते. मग दोन्ही चिपा एकाच तारेवर आपापला डेटा ढकलू लागतात आणि बोर्ड कधी चालू होतो, कधी नाही. म्हणून दोन्ही चिपांच्या पाय १ पासून त्यांच्याच पाय ८ पर्यंत १० किलोओहमचा एकेक रेझिस्टर लावायचा. निवडलेल्या चिपला बोर्ड सहज खाली ओढतो, न निवडलेली पक्की वर राहते. इंटरनेटवर फिरणाऱ्या कित्येक चित्रांत हे दोन रेझिस्टर दाखवलेलेच नाहीत, आणि अ‍ॅडाप्टर भरवशाचा होतो तो त्यांच्यामुळेच.

सामान लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं. ग्रँट रोड स्टेशनला उतरून पूर्वेला पाच मिनिटं चालायचं. झिरो पीसीबीचा (भोकं पाडलेल्या कोऱ्या बोर्डाचा) तुकडा, आठ पायांचे दोन आयसी बेस, स्लाइड स्विच, १० किलोओहमचे दोन रेझिस्टर, १०४ लिहिलेले दोन सिरॅमिक कपॅसिटर (०.१ मायक्रोफॅरड, प्रत्येक चिपच्या पाय ८ आणि ४ च्या अगदी जवळ) आणि गोल पिनांची पट्टी. हे शेवटचं मुद्दाम मागून घ्या. दुकानदार बर्ग स्ट्रिप म्हणून नेहमीची चौकोनी पिनांची पट्टी देतो. ती पिन जाड असते, मदरबोर्डच्या बेसमधल्या पात्या फाकवते. मग पुढे कधी मूळ चिप परत बसवली की ती ढिली बसते आणि दोष शोधता शोधता नाकी नऊ येतात. गोल पिन चिपच्या पायाच्या जाडीच्या जवळ जाते.

चिप घेताना आकार बघा. चिपवर ६४ लिहिलेलं असतं ते मेगाबिट, म्हणजे ८ मेगाबाइट. ३२ म्हणजे ४ मेगाबाइट. मूळ जितकी आहे तितकीच घ्यावी.

डाग देऊन झाले की चिपा न बसवता मल्टीमीटर लावायचा. पाय ४ आणि ८ मध्ये शॉर्ट नको. बोर्डाकडच्या पाय १ आणि ८ मध्ये स्विच कुठेही असला तरी १० किलोओहम दिसायला हवेत. शेजारशेजारच्या पायांमध्ये कंटिन्युइटीची शिट्टी वाजता कामा नये. मग फ्लक्स आयसोप्रोपिलने घासून काढायचा. आपल्याकडे पावसाळ्यात हवेत जो दमटपणा असतो त्यात राहिलेला फ्लक्स ओल धरतो आणि पायापायांत गळती सुरू होते.

प्रश्न असतील तर विचारा. चिप लिहायची कशी ते प्रतिसादात लिहितो, धागा आधीच लांबलाय.

लोकल प्रवासी

वाखूसा (वाचनखूण साठवली). फार दिवसांनी असा धागा आला.

एक विचारू का? १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, तेव्हा माझ्या भावाच्या यंत्रावर बायॉसचं अपडेट चालू होतं. बोर्ड तिथेच मेला. दुरुस्तीवाल्याने "बोर्ड बदला" म्हणून सांगितलं आणि आम्ही बदलला. असा अ‍ॅडाप्टर असता तर वाचला असता का?

सर्किटवेडा

हो, नक्की. बोर्ड मेलाच नव्हता, फक्त चिपमधला मजकूर अर्धवट लिहिला गेला होता. दुसऱ्या चिपवर स्विच सरकवला असता तर यंत्र चालू झालं असतं. अ‍ॅडाप्टर नसतानाही चिप काढून बाहेरून लिहिता आली असती. चांगले बोर्ड भंगारात जातात ते याच कारणाने, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. गिगाबाइटच्या बऱ्याच बोर्डांवर दोन चिपा कारखान्यातूनच असतात, ड्युअल बायॉस म्हणून. आपण तेच हाताने करतोय.

माझगावकर

सर्किटवेडा, छान लिहिलंय. मी दुरुस्तीच्या धंद्यात जुना आहे, थोडी भर घालतो.

दोन चिपांची कल्पना आम्हाला पटली ती सीआयएच विषाणूमुळे. २६ एप्रिल १९९९. त्या दिवशी तो जागा झाला आणि हार्डडिस्क तर पुसलीच, शिवाय ज्या बोर्डांवर जमलं तिथे बायॉसवरही कचरा लिहून गेला. दुकानापुढे मेलेल्या यंत्रांची रांग लागली होती. तेव्हाच्या चिपा ३२ पायांच्या, ५ व्होल्टच्या, समांतर पद्धतीच्या. त्यात निवडीचा पाय २२. एकीवर एक चिप ठेवायची, वरच्या चिपचा २२ बाहेर वाकवायचा, बाकीचे ३१ पाय खालच्या पायांना डाग द्यायचे. खालचीचाही २२ बेसमधून मोकळा करायचा. मग स्विच आणि दोन रेझिस्टर, तुम्ही सांगितलेत तसेच, फक्त ५ व्होल्टला.

पुढे इंटेलच्या ८१० चिपसेटबरोबर फर्मवेअर हब आला, चौकोनी ३२ पायांचा. तिथे हिशेब वेगळा. त्या चिपेला ओळख क्रमांकाचे चार पाय असतात, ९ ते १२. चारही शून्य असतील तीच चिप यंत्र सुरू करते. म्हणून तिथे पाय १२ वर खेळायचं. जी चिप नको तिचा १२ वर ओढायचा, तिचा क्रमांक एक होतो आणि ती सुरुवातीच्या हाकेला ओ देत नाही. बोर्डाकडचा १२ ग्राउंडला असतो, तो मात्र अ‍ॅडाप्टरवर तोडलेला हवा. तशाच दिसणाऱ्या सगळ्या एलपीसी चिपा हा नियम पाळत नाहीत, तेव्हा डेटाशीट उघडूनच हात घालावा.

आणि आमची नेहमीची रीत: चांगल्या चिपवर यंत्र सुरू करायचं, ऑपरेटिंग सिस्टिम पूर्ण उघडली की चालू यंत्रात स्विच खराब चिपकडे सरकवायचा आणि आतूनच लिहून टाकायचं. प्रोग्रॅमर (चिप लिहिणारं वेगळं उपकरण) लागतच नाही.

विद्युल्लता

माझगावकर काका, तुमच्या ३२ पायांच्या काळातल्या बोर्डांवर ही रीत चालते हे मान्य. तिथे बायॉस एकदा रॅममध्ये उतरला की चिपकडे कोणी फारसं बघत नाही. पण धागाकर्त्याचा बोर्ड एच६१ आहे. तिथे त्याच चिपमध्ये इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन (चिपसेटमधल्या छोट्या स्वतंत्र प्रोसेसरचं फर्मवेअर) राहतं आणि ते यंत्र चालू असताना आपल्या भागात वाचत-लिहीत असतं. शिवाय यूईएफआयची (नव्या बोर्डांवरच्या बायॉसची) सेटिंगं पण त्याच चिपमध्ये. मध्येच स्विच सरकवला तर एका चिपमधली अर्धी गोष्ट दुसरीत जाऊन पडेल. माझी कळकळीची विनंती: या पिढीच्या बोर्डांवर चालू यंत्रात स्विचला हात लावू नका.

नुसतं शटडाउन करणंही पुरेसं नाही. स्टँडबायची वीज चालू असते आणि तेवढ्यावर चिपला ३.३ व्होल्ट मिळत राहतात. भिंतीवरचं बटण बंद, मग पॉवर बटण दाबून धरून उरलेला चार्ज संपवायचा, मगच स्विच.

माझगावकर

पटलं. माझा अनुभव जुन्या बोर्डांचा, तेवढ्यापुरताच धरा. नवीन पोरांनी विद्युल्लताताईंचं ऐकावं.

ठाणेकर

वाचतोय. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

सर्किटवेडा

विद्युल्लता, धन्यवाद, हे मूळ धाग्यातच यायला हवं इतकं महत्त्वाचं आहे.

आता चिप लिहिण्याबद्दल. बाजारात सीएच३४१ए नावाचा काळा यूएसबी प्रोग्रॅमर सगळीकडे मिळतो. स्वस्त आहे, पण त्याच्या काळ्या आवृत्तीत एक खोट आहे: चिपला वीज ३.३ व्होल्ट देतो आणि डेटाच्या तारा मात्र ५ व्होल्टवर चालवतो. कित्येक चिपा ते सोसतात, पण मूळ चिप ही एकुलती एक असते, तिच्यावर कशाला? माझ्याकडे रास्पबेरी पाय होता, त्याच्या तारा मुळातच ३.३ व्होल्टच्या. पिन १९ वरून डेटा चिपमध्ये जातो, २१ वर परत येतो, २३ क्लॉक, २४ चिप सिलेक्ट, १७ वीज, २५ ग्राउंड. राइट प्रोटेक्ट आणि होल्ड हे दोन पाय वाचताना-लिहिताना ३.३ ला ओढून ठेवायचे, मोकळे नकोत. सॉफ्टवेअर फ्लॅशरॉम.

मूळ चिप दोनदा वाचायची आणि दोन्ही फायलींचे चेकसम (मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळवायचे. जुळले नाहीत तर तारा ढिल्या आहेत, पुढे जायचंच नाही. जुळले की ती फाइल दोन-तीन ठिकाणी जपून ठेवायची. बोर्ड चालू असतानाच आतून वाचली तरी चालेल असं काही जण सांगतात, पण कंपनीने मॅनेजमेंट इंजिनचा भाग वाचायला बंद करून ठेवलेला असतो, त्यामुळे आतून पूर्ण प्रत मिळेलच असं नाही.

त्यानंतर एक पायरी अशी की जी कोणी गाळू नये. दुसऱ्या चिपवर पहिल्यांदा कोरबूट टाकायचंच नाही. मूळ चिपचीच प्रत टाकायची आणि त्या प्रतीवर यंत्र चालवून बघायचं. चाललं, म्हणजे अ‍ॅडाप्टर, स्विच, डाग, नवी चिप सगळं बरोबर आहे हे सिद्ध झालं. मग कोरबूट टाकल्यावर पडदा काळा आला तर दोष फर्मवेअरमध्येच, तारांमध्ये शोधत बसायला नको.

प्रत आपल्याच बोर्डाची हवी, मित्राच्या त्याच मॉडेलची नको. बऱ्याच बोर्डांवर लॅनचा मॅक पत्ता आणि सिरियल नंबर याच चिपमध्ये असतात. एकाच नेटवर्कवर दोन यंत्रांचा पत्ता एकच निघाला की दोन्ही अडखळतात.

कुर्लाकर

साहेब, मी कालच बनवला. मूळ चिप अ‍ॅडाप्टरच्या पहिल्या बेसमध्ये चालते. दुसऱ्या बेसमध्ये तुम्ही सांगितलेली प्रत आहे, पडदा काळा. पण रास्पबेरी पायवर दुसरी चिप व्यवस्थित वाचली जाते, चेकसमही जुळतो. दोन्ही रेझिस्टर आहेत. काय असेल?

विद्युल्लता

स्विच कुठे आहे? आणि तारा किती लांब?

कुर्लाकर

स्विच कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, पॉवर बटणाशेजारी. रिबन वायरने जोडलाय. दुसरा बेसही जागा नव्हती म्हणून वेगळ्या तुकड्यावर घेतलाय, तोही रिबनने.

विद्युल्लता

मग तिथेच आहे. रास्पबेरी पायवर आपण सावकाश वाचतो, एक-दोन मेगाहर्ट्झला सांगितलं तरी चालतं. बोर्ड मात्र २०, ३३ किंवा ५० मेगाहर्ट्झने वाचतो, ते चिपच्या सुरुवातीला असलेल्या डिस्क्रिप्टरमध्ये (बोर्डासाठीच्या सेटिंगांच्या तक्त्यात) ठरलेलं असतं. त्या वेगाला हातभर रिबनमध्ये क्लॉकची कड गोल होते, शेजारच्या तारेत गळते. दोन्ही बेस एकाच तुकड्यावर, एकमेकांना चिकटून घ्या. पाय २ ते ७ च्या तारा बोटभरापेक्षा लांब नकोत.

स्विच समोर हवाच असेल तर त्यालाही उपाय आहे. चिप सिलेक्ट हा वेगाने हलणारा संकेत आहे, तो लांब न्यायचा नाही. लांब न्यायचा तो फक्त "ही की ती" एवढं सांगणारा स्थिर संकेत. त्यासाठी ७४१३९ ही डिकोडर आयसी वापरा. बोर्डाचा चिप सिलेक्ट तिच्या पाय १ ला, पाय ३ ग्राउंडला. पाय २ ला १० किलोओहमने ३.३ ला ओढा आणि स्विच पाय २ आणि ग्राउंड यांच्यामध्ये. पाय ४ आणि ५ हे दोन चिपांचे चिप सिलेक्ट. वीज १६, ग्राउंड ८. आतला दुसरा अर्धा भाग आपल्याला नको, पण त्याचे पाय १३, १४, १५ मोकळे न सोडता ३.३ ला बांधा.

मूळ चिप पाय ५ ला जोडा. म्हणजे पुढे कधी समोरच्या स्विचची तार तुटली किंवा निघाली तर पाय २ आपोआप वर राहील आणि यंत्र मूळ बायॉसवरच सुरू होईल. वाचनालयासारख्या ठिकाणी हे फार उपयोगाचं.

आयसी एलव्हीसी मालिकेची मिळाली तर उत्तम, एचसी मालिका ३.३ व्होल्टवर जरा मंद असते. एलव्हीसी फक्त छोट्या, पृष्ठभागावर डाग द्यायच्या आवृत्तीत येते, तिला कन्व्हर्टर पीसीबी लागेल.

सर्किटवेडा

वा! मूळ चिप पाय ५ ला, हे मला सुचलं नसतं. वाचनालयाच्या यंत्रावर हेच करतो.

कुर्लाकर, त्या आधी एक झटपट चाचणी करा: समोरचा स्विच काढून अ‍ॅडाप्टरवरच तीन पिना लावा आणि त्यावर जंपर टोपी. स्विचपेक्षा मला तीच आवडते. स्वस्त स्लाइड स्विचच्या पात्या आपल्या खाऱ्या दमट हवेत वर्षा-दोन वर्षांत काळ्या पडतात, जंपर घट्ट बसतो. आणि चालू यंत्रात कोणा मुलाचा हात लागून सरकत नाही.

कुर्लाकर

दोन्ही बेस एका तुकड्यावर घेतले, जंपर लावला. दुसरी चिप पहिल्या झटक्यात चालू! विद्युल्लताताई, सर्किटवेडा, दोघांचे मनापासून आभार. आता कोरबूट.

विद्युल्लता

अभिनंदन! पाय ३ आणि ७ थेट ३.३ ला बांधलेले नाहीत ना, तेवढं बघून घ्या. अ‍ॅडाप्टरवर ते बोर्डाच्या बेसमधून जसे येतात तसेच दोन्ही चिपांना द्यायचे. क्वाड पद्धतीने वाचणारे बोर्ड याच दोन पायांवरून डेटा नेतात.

कुर्लाकर

नाही, बोर्डाकडूनच आलेत.

माझगावकर

एक राहिलं. जुन्या बोर्डांवर सेटिंगं चिपमध्ये नसतात, बॅटरीवर चालणाऱ्या सीमॉसमध्ये असतात, आणि तो दोन्ही चिपांना एकच. म्हणून चिप बदलली की चेकसमची चूक दाखवून यंत्र थांबतं, गिऱ्हाईक घाबरतं. डिफॉल्ट लोड करून पुढे जायचं. कोरबूट आणि कंपनीचा बायॉस यांच्यात अदलाबदल करताना तर सीमॉस क्लिअर करूनच घ्या, दोघांची मांडणी वेगळी असते.

आणि लॅमिंग्टन रोडवर सुट्या घेतलेल्या चिपांचं एक सांगतो. काढलेल्या, घासून नव्याने छापलेल्या चिपाही विकल्या जातात. वरचं लिखाण बघू नका, फ्लॅशरॉमला ओळखायला सांगा. विनबॉन्डची चिप असेल तर पहिला अंक ईएफ येतो. पुढे ४०१६ म्हणजे ४ मेगाबाइट, ४०१७ म्हणजे ८. याव्यतिरिक्त काही आलं तर दुकानदाराला त्याच दिवशी परत करा.

ठाणेकर

लॅपटॉपवर जमेल का हे? माझ्याकडे एक जुना पडलाय.

सर्किटवेडा

जमतं, पण पहिलं काम म्हणून नको. लॅपटॉपमध्ये चिप बोर्डाला डाग दिलेली असते, तिचा पाय १ उचलावा लागतो आणि तो तुटला तर सगळंच अडतं. काही चिपा १.८ व्होल्टच्या असतात, त्यांना ३.३ दिले की संपल्या. डेटाशीटवर व्होल्टेज पक्कं झाल्याशिवाय काहीही जोडू नका. आधी बेस असलेल्या डेस्कटॉप बोर्डावर एक अ‍ॅडाप्टर बनवा, हात बसू दे.

ठाणेकर

ठीक. शनिवारी ग्रँट रोडला जातोय, सामानाची यादी याच धाग्यावरून उतरवून घेतली.

सर्किटवेडा

यादीत ७४१३९ आणि तिच्यासाठी आणखी एक १०४ वाढवा. माझगावकर काका, फर्मवेअर हबच्या अ‍ॅडाप्टरवर तुम्ही वेगळा धागा काढाल का? पेंटियम ३ आणि ४ चे बोर्ड अजून बऱ्याच जणांकडे आहेत.

माझगावकर

काढतो. जुना बनवलेला एक दुकानात आहे, त्याचे फोटो घेऊन टाकतो.